न दिसणारे आणि नसणारे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

समितीने विषय निवडण्याची मोकळीक दिली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. मी "रेडिओ खगोलशास्त्र" हा विषय कळवला. आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की विहाराच्या वर्धापनदिनाला माणसाने धम्मावर बोलावं, ते सोडून हे आकाशातलं काय काढलं? शंका रास्त आहे. म्हणून कारण आधीच सांगतो.

आपण बौद्ध माणसं. आपण देव मानत नाही, आत्मा मानत नाही, भूतखेत, करणी, मुहूर्त मानत नाही. निदान मानू नये अशी प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. पण कारखान्यात, कार्यालयात, शेजारात एखादा शहाणा माणूस आपल्या पोराला गाठतो आणि म्हणतो, "अरे, दिसत नाही म्हणून नाही, असं कसं म्हणतोस? हवा दिसते का? मोबाईलच्या लहरी दिसतात का? विज्ञानच सांगतंय, की न दिसणारं खूप काही आहे. मग देवच तेवढा का नको?" इथे आपला पोरगा गप्प बसतो. घरी येतो तो विचार करतच. माझ्या पाहण्यात असे कितीतरी तरुण आहेत. त्याला उत्तर काय द्यायचं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे. आणि ते उत्तर द्यायला रेडिओ खगोलशास्त्राइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. कारण या शास्त्राचा सगळा कारभारच न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे.

डोळ्यांचे एक सप्तक

आधी हे शास्त्र म्हणजे काय ते पाहू. आपल्या विहारात पेटी आहे. तिच्यावर आपण बुद्ध-भीम गीते म्हणतो. आता कल्पना करा, की एक पेटी आहे आणि ती इथून पार रस्त्यापर्यंत लांब आहे. तिच्यावर सप्तकांमागून सप्तके आहेत. पण आपल्या कानांना त्यातलं एकच सप्तक ऐकू येतं, बाकीच्या पट्ट्या दाबल्या तरी आपल्याला काहीच कळत नाही. प्रकाशाचं नेमकं असंच आहे. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत जे सात रंग आपल्याला दिसतात, ते सगळे मिळून एक सप्तकही पुरते भरत नाही. तांबड्याच्या पलीकडे उष्णतेच्या लहरी आहेत, त्यांच्याही पलीकडे रेडिओ लहरी आहेत. जांभळ्याच्या पलीकडे अतिनील किरण, दवाखान्यातले क्षकिरण आहेत. ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडे. सर्वांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. फरक फक्त लहरीच्या लांबीचा. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, तर रेडिओ लहर एका मिलिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंत लांब. मिलिमीटर ते दहा मीटर एवढाच पट्टा धरला, तरी त्यात तेरा सप्तके बसतात.

माणसाने हजारो वर्षे आकाश पाहिले, ते या एका सप्तकातून. गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे लावली तीही या एकाच सप्तकाची. बाकीची पेटी वाजत होती, पण ऐकणारे कोणी नव्हते.

चार मिनिटांचा हिशेब

ही बंद पेटी उघडली ती एका टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरने. अमेरिकेत बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. समुद्रापलीकडे रेडिओवरून टेलिफोन बोलण्याची सोय झाली होती, पण बोलताना खरखर फार व्हायची. ही खरखर कुठून येते ते शोधून काढ, असे काम कार्ल जान्स्की नावाच्या तरुणाला मिळाले. त्याने न्यू जर्सीतल्या होल्मडेल गावी शेतात एक भली मोठी एरिअल उभी केली. ती गोल फिरावी म्हणून खाली फोर्ड मोटारीची चाके बसवली.

त्याला तीन तऱ्हेची खरखर सापडली. पहिली जवळच्या विजांची. दुसरी लांबच्या वादळांची. तिसरी मात्र बारीक आणि सतत येणारी, तिचे कारण कळेना. रोज एका ठराविक वेळी ती वाढायची. त्याला आधी वाटले, सूर्यापासून येत असेल. पण महिने उलटले तसे त्याच्या लक्षात आले, की ती दर चोवीस तासांनी वाढत नाही. ती २३ तास ५६ मिनिटांनी वाढते. रोज चार मिनिटे लवकर.

आता ही चार मिनिटे काय भानगड आहे? आपल्या गावाकडच्या जुन्या माणसांना विचारा. मृग नक्षत्राचे ते ओळीतले तीन तारे डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला असतात आणि एप्रिल-मे आला, की त्याच वेळेला पश्चिमेला कललेले असतात. याचे कारण, तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. महिन्याला दोन तास. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही सरकते, म्हणून सूर्याचा दिवस २४ तासांचा आणि ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे जान्स्कीची खरखर सूर्याचे घड्याळ पाळत नव्हती. कारखान्याचे, विजेच्या मोटारीचे, माणसाचे कुठलेच घड्याळ पाळत नव्हती. ती ताऱ्यांचे घड्याळ पाळत होती. ती येत होती आपल्या आकाशगंगेतून, आणि सर्वांत जोरात धनू राशीच्या दिशेने, जिथे आकाशगंगेचा मध्य आहे. १९३३ साली त्याने हे जगाला सांगितले.

इथे जरा थांबू. जान्स्कीला आकाशातून आवाज आला. आपल्याकडे आकाशातून आवाज आला, की लोक नारळ फोडतात. त्याने घड्याळ पाहिले. एवढाच फरक, पण केवढा मोठा! आणि जाता जाता सांगतो, धनू राशीच्या दिशेने येणारी ही खरखर कुणाचे लग्न जमवत नाही आणि कुणाचे मोडतही नाही. काही घरांतून अजूनही गुपचूप पत्रिका दाखवल्या जातात, म्हणून म्हटलं.

त्या दिशेला आहे तरी काय? तिथे सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी एक कृष्णविवर आहे. त्याचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढे आहे. रेडिओ दुर्बिणींनी त्याच्याभोवतालच्या तेजाच्या कड्याचे घेतलेले चित्र मे २०२२ मध्ये जगाने पाहिले. जान्स्की १९५० सालीच, वयाच्या ४४ व्या वर्षी गेला होता. त्याच्या नावाने आज रेडिओ लहरींची ताकद मोजतात. एकक "जान्स्की".

कबुतरे हाकलली, तरी आवाज जाईना

दुसरी गोष्ट त्याच होल्मडेल गावची. १९६४ साली आर्नो पेन्झिआस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे तिथल्या कर्ण्यासारख्या एका मोठ्या एरिअलवर काम करत होते. त्यांनाही एक बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. एरिअल इकडे वळवा, तिकडे वळवा, गुणगुण तेवढीच. दिवसा तेवढीच, रात्री तेवढीच, उन्हाळ्यात तेवढीच, हिवाळ्यात तेवढीच.

त्यांनी काय केले? आपल्याला काहीतरी अद्भुत गवसले, असा डांगोरा पिटला नाही. त्यांनी आधी स्वतःच्या यंत्रावर संशय घेतला. जवळचे न्यूयॉर्क शहर तर नाही ना, म्हणून एरिअल तिकडे फिरवून पाहिली. सांधे तपासले, ते पट्ट्यांनी बंद केले. कर्ण्याच्या आत कबुतरांच्या जोडीने घर केले होते आणि सगळीकडे विष्ठा करून ठेवली होती. ती खरवडून काढली, कबुतरे हलवली. तरी आवाज जाईना.

मग जवळच्याच प्रिन्स्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांकडून उलगडा झाला. विश्व एके काळी अतिशय दाट आणि अतिशय तप्त होते. ते प्रसरण पावत गेले, निवत गेले. त्या तप्त अवस्थेची उरलेली ऊब आजही सगळ्या आकाशात भरून आहे, आणि ती आता इतकी निवाली आहे, की तिचे तापमान सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस आहे. ही ऊब आपल्यापर्यंत रेडिओ लहरींच्या रूपाने येते. ती निघाली तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षे होते. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. या शोधाबद्दल दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माझ्या वयाच्या माणसांना जुने टीव्ही आठवत असतील. अँटेना हलली, की पडद्यावर "मुंग्या" यायच्या. कुणीतरी गच्चीवर चढायचं आणि खाली ओरडायचं, "आलं का?" त्या मुंग्यांतला अगदी थोडा भाग, शंभरातला सुमारे एक, याच विश्वाच्या बालपणीच्या उबेचा होता. म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीत विश्वाच्या जन्मकाळचा निरोप येत होता आणि आपण टीव्हीला चापट्या मारत होतो!

पाव इंचाचा डाग

तिसरी गोष्ट माझ्या आई-बहिणींनी आणि मुलींनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. जोसलिन बेल ही उत्तर आयर्लंडमधली मुलगी. जन्म १९४३ चा. तिच्या शाळेत मुलगे विज्ञानाच्या तासाला आणि मुली स्वयंपाक-शिवणकामाच्या तासाला, अशी वाटणी झाली होती. तिच्या आईवडिलांनी आणि आणखी काही पालकांनी शाळेत जाऊन भांडण केले, तेव्हा तिला विज्ञानाच्या वर्गात बसू दिले. आईबाप भांडले म्हणून पुढचे सगळे घडले, हे लक्षात ठेवा.

पुढे ती केंब्रिज विद्यापीठात संशोधनासाठी आली. तिथे साडेचार एकरांच्या मैदानात खांब ठोकून आणि तारा ओढून एक रेडिओ दुर्बीण उभी केली जात होती. त्या कामात ती स्वतः हातोडा घेऊन राबली. मग यंत्र सुरू झाले. त्यातून रोज सुमारे शंभर फूट कागदाची पट्टी निघे, तिच्यावर शाईची रेघ असे. ती सगळी डोळ्यांनी तपासायचे काम तिचे. १९६७ साली तिला त्या रेघेत जेमतेम पाव इंचाचा एक वेगळाच गिचमिड डाग दिसला. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता. तिने सोडला नाही. नोव्हेंबर महिन्यात तिने कागद जोरात पळवून तो डाग ताणून पाहिला. निघाला तो डाग नव्हताच, ती नाडी होती! दर १.३३७ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा नेमका.

इतका नेमका ठोका निसर्गात कुठून येणार? परग्रहावरचे लोक संदेश पाठवत आहेत की काय, अशी थट्टाही झाली. पण पुन्हा तोच धडा बघा, तपासणी! हा ठोका ताऱ्यांचे घड्याळ पाळतो का? पाळतो. म्हणजे तो माणसाने केलेला नाही. दुसऱ्या दुर्बिणीला ऐकू येतो का? येतो. म्हणजे आपल्या यंत्राचा दोष नाही. एखाद्या सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरून येत असेल, तर त्या फिरण्याचा परिणाम दिसला पाहिजे. दिसत नाही. आणि डिसेंबरात बेलला आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच दुसरा ठोका सापडला. दोन टोकांचे परग्रहवासी एकाच वेळी एकाच तऱ्हेने आपल्याला हाका मारतील, हे संभवत नाही. मग हे निसर्गाचेच काम.

ते होते विझलेल्या ताऱ्यांचे अवशेष. सूर्याहून जास्त वस्तुमान जेमतेम वीस किलोमीटरच्या गोळ्यात दाबून बसलेले. त्यातला चहाचा एक चमचा पदार्थ घेतला, तर शेकडो कोटी टन भरेल. असा गोळा गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो. यांना स्पंदक तारे किंवा पल्सार म्हणतात.

१९७४ साली या शोधासाठी नोबेल मिळाले, पण ते बेलच्या मार्गदर्शकाला, अँटनी ह्यूइश यांना. त्यांच्याबरोबर मार्टिन राईल यांना त्यांच्या वेगळ्या कामाबद्दल. बेलचे नाव नव्हते. कष्ट कुणाचे आणि नाव कुणाचे, हे आपल्या समाजाला मी वेगळे सांगायला नको. पुढे २०१८ साली बेल यांना तीस लाख डॉलरचे मोठे पारितोषिक मिळाले. त्यांनी त्यातला एक पैसाही स्वतःसाठी ठेवला नाही. ज्यांना भौतिकशास्त्रात सहजी जागा मिळत नाही, अशा घरांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ती सगळी रक्कम देऊन टाकली. बौद्ध नसलेली ही बाई दान पारमिता जगली, असे मी म्हणेन.

स्वयंपाकघरातला चमत्कार

आता चौथी गोष्ट, उलट्या बाजूची. ऑस्ट्रेलियात पार्क्स नावाची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यावर १९९८ पासून कधीमधी एक विचित्र संकेत यायचा. क्षणभर यायचा आणि जायचा. आकाशातून येणाऱ्या खऱ्या संकेतांसारखाच भासायचा. पण शास्त्रज्ञांनी नोंद केली, की हा कामाच्या वेळातच येतो, त्यातही जेवणाच्या सुमारास जास्त. ताऱ्यांना जेवणाची सुट्टी कुठून असणार? अखेर २०१५ साली उलगडा झाला. वेधशाळेच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह भट्टी होती. वेळ संपायच्या आधीच कुणी घाईने तिचे दार उघडले, की तो संकेत बाहेर पडायचा!

मंडळी, हसू नका. किंवा हसा, पण लक्षात ठेवा. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी लपवली नाही. स्वतः छापून जगाला सांगितली. आता त्या शहाण्या माणसाला द्यायचे उत्तर आपल्या हाती आले.

त्याला सांगायचे, "बाबा रे, दिसत नाही म्हणून नाही, असे आम्ही म्हणतच नाही. रेडिओ लहर दिसत नाही, पण ती आहे. कारण ती तुझ्यासमोरही येते आणि माझ्यासमोरही येते. श्रद्धा असलेल्याला येते आणि नसलेल्यालाही येते. केंब्रिजला येते, तशी पुण्यालाही येते. तिचे घड्याळ तपासता येते. आणि ती खोटी असली, तर भट्टीचे दार उघडून तीही गोष्ट सिद्ध करता येते. तुझ्या न दिसणाऱ्या देवाची अशी कोणती परीक्षा आहे, की जीत तो नापास झाला तर तू मान्य करशील?" न दिसणारे आणि नसणारे, यांतला फरक हा आहे. नापास होण्याची तयारी ज्याची आहे, तेच पास होऊ शकते.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले होते. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः तपासा आणि मग स्वीकारा. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तोही हीच कसोटी लावून.

पण याच कसोटीवर आपणही उभे राहायला हवे. हल्ली मोबाईलवर मजकूर फिरतात, की कृष्णविवरे, अणू, महास्फोट हे सगळे बुद्धाला अडीच हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते. इतर लोक त्यांच्या पुराणांत विमाने शोधतात, तेव्हा आपण त्यांना हसतो. मग आपण सुत्तांत दुर्बिणी का शोधाव्यात? बुद्धाची थोरवी मोजायला कृष्णविवराची गरज नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण दूर करता येते, हे त्यांनी माणसाच्या जीवनात तपासून दाखवले. विश्व किती मोठे, त्याला अंत आहे की नाही, असल्या प्रश्नांवर त्यांनी मौन पाळले. त्यांच्या तोंडी नसलेले शब्द घालणे ही श्रद्धा नव्हे, तो मुसावाद आहे. चौथे शील मोडते.

आपल्या मातीतले कान

आता कुणी म्हणेल, हे सगळे गोऱ्यांचे शोध झाले. नाही. आपल्या महाराष्ट्रात काय घडले तेही ऐका.

डॉ. गोविंद स्वरूप हे १९६३ साली परदेशातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. डॉ. होमी भाभांनी त्यांना बोलावून घेतले होते. ऑस्ट्रेलियाने देऊ केलेल्या, सहा-सहा फुटी ३२ जुन्या तबकड्या त्यांनी १९६५ साली आपल्या कल्याणजवळ मांडल्या आणि सूर्याच्या रेडिओ लहरींचा अभ्यास सुरू केला. मग उटीला १९७० साली ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. त्यासाठी त्यांनी अशी टेकडी शोधली, जिचा उतार त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे अकरा अंश आहे. त्यामुळे ती एवढी लांबलचक दुर्बीण एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन्‌तास पकडून ठेवता येतो. पैसा कमी होता, तिथे डोके चालवले.

नंतर आली आपली जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद गावी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा तबकड्या मधोमध, सोळा तबकड्या तीन दिशांना पसरलेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर. तबकडी म्हणजे पत्रा नाही बरं का, पोलादी तारेची जाळी. भोके एक-दोन सेंटिमीटरची. वारा त्यातून निघून जातो, पण रेडिओ लहर त्याहून लांब असल्याने अडते आणि परतते. जाळीमुळे वजन कमी, वाऱ्याचा जोर कमी, खर्चही कमी.

एवढ्या तबकड्या कशाला? दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा रेडिओ लहर लाखो पटींनी लांब असते. एकवीस सेंटिमीटरच्या लहरीने आपल्या साध्या डोळ्याइतके स्पष्ट पाहायचे, तर सुमारे पाऊण किलोमीटर रुंदीची तबकडी लागेल. ती कोण बांधणार? त्यावर मार्टिन राईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती विकसित केली. लहान लहान तबकड्या दूर दूर ठेवा, त्यांनी टिपलेले एकत्र जुळवा, म्हणजे त्या सगळ्या मिळून एका प्रचंड तबकडीसारखे काम करतात. राईलना नोबेल मिळाले ते याबद्दल. खोडदच्या ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. एकेक तबकडी ४५ मीटरची, पण संघ झाला, की दृष्टी २५ किलोमीटरची! पृथ्वीवरच्या अनेक दुर्बिणींचा असाच संघ करून एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे पहिले चित्र मिळाले. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचे. संघाचे बळ काय असते, हे या सभागृहात मी जास्त सांगायला नको.

खोडदच्या दुर्बिणीने काय दिले? विश्वात हायड्रोजन सर्वांत जास्त. त्याचा थंड अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. ही लहर १९५१ साली पहिल्यांदा पकडली गेली. एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची अशीच लहर खोडदच्या दुर्बिणीने टिपली. ती निघाली तेव्हापासून सुमारे ८८० कोटी वर्षे लोटली होती. हा शोध जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षी जूनमध्ये, जगभरच्या शास्त्रज्ञांनी पल्सारांच्या ठोक्यांतला अतिसूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून, अवकाशात पसरलेल्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला. त्यातही खोडदची मोजणी होती. बेलबाईंच्या पाव इंची डागाने केवढी मजल मारली बघा.

आणि याच हायड्रोजनच्या लहरींवरून दीर्घिकांचा फिरण्याचा वेग मोजला, तेव्हा कळले, की दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने त्या फारच जोरात फिरतात. म्हणजे कितीतरी द्रव्य असे आहे, जे कोणत्याच लहरीत दिसत नाही. ते काय आहे? शास्त्रज्ञ सरळ सांगतात, अजून कळलेले नाही. "माहीत नाही" म्हणायला लाजू नये आणि त्या रिकाम्या जागेत देव बसवू नये, हीसुद्धा प्रज्ञाच आहे.

आता आपण काय करायचे

जुन्नर तालुका म्हटला, की आपल्याला लेणी आठवतात. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे दान देणाऱ्यांत राजे-महाराजेच नव्हते. धान्याचे व्यापारी होते, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी होत्या, परदेशातून आलेले यवन होते. शिलालेखांत त्यांची नोंद आहे. हातात कसब असलेल्या साध्या माणसांनी तिथे दगडात ज्ञानाची घरे उभी केली. आज त्याच तालुक्यात तारेच्या जाळ्या विश्वाकडे कान लावून उभ्या आहेत. माझी विनंती आहे, की आपली सहल लेणी पाहायला जाते, तेव्हा परवानगी घेऊन खोडदलाही जावी. फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. तिथे गेल्यावर मोबाईल बंद ठेवावा लागतो. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की एक साधा मोबाईल चंद्रावर नेऊन ठेवला, तरी या दुर्बिणींना तो आकाशातल्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल! विश्वाचे ऐकायचे, तर आधी आपला गोंगाट थांबवावा लागतो. विपश्यनेला बसणाऱ्यांना हे चटकन पटेल.

दुसरी विनंती आई-बापांना. मुलगी म्हणाली, मला विज्ञान शाखेला जायचंय, तर खर्चाकडे पाहून तिला परस्पर दुसरीकडे वळवू नका. शाळेत जाऊन भांडायची वेळ आली तर भांडा. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अॅरे नावाची अवाढव्य रेडिओ दुर्बीण उभी राहत आहे, भारतही तिच्यात भागीदार आहे. तिथे केवळ खगोलशास्त्रज्ञ लागत नाहीत. इंजिनिअर लागतात, संगणकाचे जाणकार लागतात, तारा जोडणारे तंत्रज्ञ लागतात. त्यात आपली मुले का नसावीत?

तिसरी विनंती समितीला. या विहाराच्या वाचनालयात खगोलशास्त्राची दोन-चार मराठी पुस्तके ठेवा. आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा मुलांना प्रश्न विचारू द्या. कोणताही प्रश्न. उत्तर येत नसेल, तर मोठ्यांनी "बघून सांगतो" म्हणावे, आणि खरोखर बघून सांगावे.

बाळांनो, शेवटचे तुमच्यासाठी. तुम्हाला कुणी विचारले, "न दिसणारं तुम्ही मानता का?" तर गप्प बसू नका. सांगा, "तपासून मानतो." एवढेच दोन शब्द. आणि ते बोलताना मान खाली घालू नका.

 

नमो बुद्धाय! जय भीम!